पाच बायका आणि एक बंद दार



रहस्यकथा आपल्याला नव्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आपल्या घरातल्या मोठ्या माणसांनी रात्र रात्र जागून वाचली. आज आम्ही तुम्हाला दूरच्या फ्रान्स देशातली एक जुनी रहस्यकथा सांगणार आहोत. तिचं नाव ‘लरूज प्रकरण’ आणि लेखक एमिल गाबोरिओ. १८६६ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ती हप्त्याहप्त्याने छापून आली आणि फार गाजली. फ्रेंच भाषेतली पोलीस-तपासाची कादंबरी इथूनच सुरू झाली असं मानतात.

कथेची सुरुवात बायकांपासूनच होते. मार्च १८६२. पॅरिसजवळच्या एका लहान गावातल्या पाच बायका पोलीस ठाण्यात जातात. त्या सांगतात, “आमच्या गावातली विधवा लरूज दोन दिवस दिसली नाही. दार वाजवलं, पण आतून आवाज येत नाही.” पोलीस दार उघडतात, तर आत तिचा खून झालेला. शेजारणींनी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हटलं असतं, तर हे कळायला आणखी किती दिवस गेले असते!

तपासाला येतात टाबारे नावाचे एक म्हातारे गृहस्थ. ते नोकरीतले पोलीस नाहीत. हौसेने मदत करतात. त्यांची नजर बघा. भिंतीवरचं घड्याळ पाचावर बंद पडलेलं आणि खाली खुर्ची. म्हणजे बाई रात्री झोपण्यापूर्वी किल्ली द्यायला उठली असणार आणि तेवढ्यात दार वाजलं असणार. तिने आलेल्यासाठी जेवण करायला घेतलं होतं, म्हणजे माणूस ओळखीचा. तिच्या नखांत करड्या हातमोज्याचे तुकडे अडकलेले, म्हणजे येणारा पैसेवाला. आपण भाकरी बघून ती कुणी थापली ते ओळखतो ना, तसंच हे!

मग जुनी भानगड निघते. लरूज पूर्वी दाई होती. एका सरदाराला लग्नाच्या बायकोपासून एक आणि दुसऱ्या बाईपासून एक, असे दोन मुलगे जवळपास एकाच वेळी झाले. त्यांची अदलाबदल करायचं त्याने ठरवलं होतं. आता वाड्यात वाढलेला मुलगा आल्बेर. हे गुपित फुटलं तर त्याचं सगळंच जाणार! त्याच्या घरी फाटलेले करडे हातमोजे आणि चिखलाने भरलेले कपडे सापडतात. ‘त्या रात्री कुठे होतास?’ विचारलं, तर तो सांगत नाही. सगळं जुळलं. आल्बेर तुरुंगात जातो.

आणि आल्बेर निर्दोष असतो!

त्या रात्री तो बागेची भिंत चढून क्लेर नावाच्या मुलीला चोरून भेटायला गेला होता. कपड्यांवरचा चिखल तिथला. तिची अब्रू जाऊ नये म्हणून तो गप्प बसला. शेवटी क्लेर स्वतः न्यायाधीशासमोर जाते आणि सांगते, “तो माझ्याकडे होता.” त्या काळात थोरामोठ्यांच्या घरातल्या मुलीने हे बोलणं केवढ्या धैर्याचं! त्यातून तपास करणाऱ्या त्या न्यायाधीशाने पूर्वी तिलाच मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता. हे काम आपण सोडावं असं त्याच्या मनात आलेलं असतं, तरी तो सोडत नाही. ज्याचं मन गुंतलेलं आहे त्याने निवाडा करू नये, हे गाबोरिओ इथे दाखवतात.

खरा खुनी निघतो नोएल, सरदाराचा दुसरा मुलगा. टाबारेंनी त्याला मुलासारखं मानलेलं. आपणच खरे वारस आहोत हे सांगून त्यानेच त्यांचा संशय आल्बेरकडे वळवला होता. अदलाबदल प्रत्यक्षात झालीच नव्हती, आणि ते लरूजला माहीत होतं. म्हणून त्याने तिचा जीव घेतला.

पुढे फ्रेंचमध्ये मोरीस लब्लाँ यांचा अट्टल चोर ल्यूपँ आला, गास्ताँ लरू यांनी बंद खोलीचं कोडं घातलं, आणि बेल्जियमचे जॉर्ज सिमेनाँ यांचा शांतपणे ऐकून घेणारा पोलीस अधिकारी मेग्रे आला. पण आमच्या मनात राहिले ते टाबारेच. कथेच्या शेवटी त्यांचा पुराव्यावरचा आंधळा विश्वास उडतो. फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून ते अर्जांवर सह्या करतात आणि गरीब, निर्दोष आरोपींना मदत करायला संस्था उभी करतात.

हे सांगावंसं का वाटलं? आमच्या एका गटात चारशे रुपये कमी भरले. पेटीची किल्ली जिच्याकडे, तिनेच त्या आठवड्यात नवी साडी घेतलेली. सगळं जुळलं! ती दोन बैठकांना आली नाही, तेव्हा आम्ही म्हटलं, बघा. पुढे वही तपासली, तर दोघींचे हप्ते दोनदा लिहिले गेले होते. साडी तिच्या भावाने दिली होती. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती परत आली, पण किल्ली काही तिने पुन्हा घेतली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, सगळं जुळलं की आणखी एकदा वही उघडा. आणि जिच्यावर बोट ठेवायचं तिला आधी विचारा. ती गप्प असेल, तर तिच्या गप्प राहण्यालाही काही कारण असू शकतं.