ऊतकांचे स्थिरीकरण : पहिल्या तासाचे महत्त्व

शरीरापासून विलग झालेल्या ऊतकाचा रक्तपुरवठा तुटताच पेशींतील विकरे त्याच पेशींचे विघटन करू लागतात. हे स्वविलयन थांबवून पेशींची रचना व त्यांतील प्रथिने शक्य तितकी मूळ स्थितीत राखणे, यास स्थिरीकरण म्हणतात. फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये फॉर्माल्डिहाइडचा हा गुण निदर्शनास आणला. आजही रुग्णालयांत मुख्यतः तेच स्थिरीकारक वापरले जाते.

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नास विशेष स्वरूप प्राप्त होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील लहान शुश्रूषागृहांत शस्त्रक्रिया होतात, पण विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा पुष्कळदा अन्यत्र असते. नमुन्याच्या बरणीस उष्ण व दमट हवेत रस्त्यावरील गर्दीतून प्रवास करावा लागतो. पुढे त्याच रुग्णाचे मेणाचे ठोकळे दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेले जातात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयातील प्रयोगशाळांची उभारणी वसंत रामजी खानोलकर यांनी केली. तेथील तज्ज्ञास नवे छेद घेता येतात, पुन्हा रंजन करता येते. पण आरंभी बिघडलेले स्थिरीकरण कोणासही सुधारता येत नाही.

याचे कारण द्रावणाच्या गतीत आहे. स्थिरीकारक जितक्या खोलीपर्यंत शिरतो, ती खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, असे पीटर मेडावार यांनी १९४१ मध्ये दाखविले. म्हणजे खोली दुप्पट व्हावयाची तर काळ चौपट लागतो. शिवाय द्रावण आत शिरणे म्हणजे स्थिरीकरण पूर्ण होणे नव्हे. प्रथिनांचे परस्परबंध त्याहून सावकाश जुळतात. म्हणून अखंड स्तन बरणीत टाकल्यास पृष्ठभाग उत्तम राहतो आणि गाभ्यातील अर्बुद कुजू लागते. पुढील प्रक्रियेतील अल्कोहोल त्यास कसेबसे स्थिर करते, पण तोवर हानी झालेली असते.

या हानीचा परिणाम केवळ काचपट्टीपुरता नसतो. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन-ग्राहक आढळल्यास टॅमॉक्सिफेनसारखे औषध उपयोगी पडते. सदोष स्थिरीकरणामुळे ग्राहक असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते आणि रुग्ण स्त्री हक्काच्या उपचारास मुकते. त्याच छेदातील निरोगी नलिकांमध्येही ग्राहक दिसत नसतील, तर निष्कर्ष नकारार्थी न लिहिता चाचणी अनिर्णायक ठरवून पुन्हा करावी.

उपाय साधे आहेत. अमेरिकेतील दोन व्यावसायिक संस्थांच्या २०१० च्या संयुक्त सूचनांनुसार स्तनाचा नमुना १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पोहोचावा, त्याचे ५ मिलिमीटरच्या अंतराने काप घ्यावेत आणि स्थिरीकरण किमान ६, कमाल ७२ तास चालावे. कडा ओळखता याव्यात म्हणून काप घेण्यापूर्वी शाई लावावी. हे काम शस्त्रक्रियागृहात शक्य नसल्यास नमुना बंद पिशवीत ४ अंश सेल्सिअसला, न गोठविता, तातडीने प्रयोगशाळेत धाडावा. शनिवारी दुपारी आलेला नमुना रविवारच्या सुटीत अखंड पडून राहू नये, हे पाहणे प्रयोगशाळेचे काम होय.

द्रावण ऊतकाच्या किमान दहापट असावे; लहान तोंडाच्या बरणीत नमुना कोंबू नये. बाजारी फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर व पाणी ९०० मिलिलिटर घेऊन त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम व डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम मिसळावे, म्हणजे द्रावण उदासीन राहते. अन्यथा फॉर्मिक आम्ल तयार होऊन रक्तातील हीमोग्लोबिनपासून तपकिरी रंगकण बनतात, आणि हिवतापाच्या रंगकणांशी त्यांची गल्लत होऊ शकते. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याने ही कामे हवेशीर जागी, हातमोजे घालूनच करावीत.

या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे मागणीपत्रावरील दोन नोंदी : ऊतक शरीरातून काढल्याची वेळ आणि द्रावणात घातल्याची वेळ. त्या लिहिण्यास शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेस अर्धे मिनिटही लागत नाही. त्या नसल्या, तर नकारार्थी चाचणीवर विश्वास किती ठेवावा हे विकृतिशास्त्रज्ञास ठरविता येत नाही.