आगुंबे नावाची चिप

उधन्याच्या यंत्रमागावरची पाळी संपली, की खानदेशातला कामगार गावी फोन लावतो. त्याचा आवाज आकड्यांत बदलून टॉवरपर्यंत पोहोचवते ती नखाएवढी मोडेम चिप. आपल्याकडे फोन असो वा टॉवर, ही चिप वर्षानुवर्षे बहुतेक परदेशीच असे.

ती इथेच घडवायचा ध्यास बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने घेतला. हिमांशु खासनीस यांनी २०१० मध्ये ‘सिग्नलचिप’ सुरू केली. खासनीस हे आडनाव आपल्या भागात मराठी घरातही भेटते अन् कानडी घरातही!

चिपचा धंदा सबुरीचा. सॉफ्टवेअरमधली चूक रातोरात दुरुस्त होते. सिलिकॉनवर उतरलेली चूक सुधारायला चिप नव्याने करून घ्यावी लागते. त्यात महिने जातात, पैसाही जातो.

आठ वर्षांहून अधिक संशोधनानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तत्कालीन दूरसंचार सचिव अरुणा सुंदरराजन यांच्या हस्ते ४जी व ५जीसाठीच्या चार चिप्सचे अनावरण झाले. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांवरून ठिकाण शोधण्याची सोयही त्यांत होती. मालिकेचे नाव ‘आगुंबे’! शिवमोग्गा जिल्ह्यातले धो धो पावसाचे, ‘मालगुडी डेज’मुळे घरोघरी पोहोचलेले गाव.

अर्थात चिप तयार झाली म्हणजे सारे साधले असे नाही. यंत्रे बनवणाऱ्यांनी जुना परदेशी पुरवठादार सोडून ती घ्यावी लागते, आणि ही लढाई संशोधनाइतकीच अवघड.

घरातला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा मुलगा किंवा मुलगी लगेच कमावू लागली नाही म्हणून नावे ठेवण्यापूर्वी, ती आठ वर्षे जरूर आठवावीत.