पेठेतले दुकान आणि आपला रुपया

सावंतवाडी हे गाव तुम्ही पाहिले असेल. नसेल पाहिले, तर नाव तरी ऐकले असेलच. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण. गावाच्या मधोमध मोती तलाव आहे. तलावाच्या काठी राजवाडा आहे. जवळच बाजारपेठ आहे. किराणा, कापड, भांडी, औषधे, सगळी दुकाने एकमेकांना खेटून उभी.

इथेच चितार आळी आहे. चितारी म्हणजे लाकडावर रंगकाम करणारे कारागीर. त्यांच्यावरून आळीला नाव पडले. इथल्या दुकानांत लाकडी आंबे, केळी, काजू, वांगी मिळतात. इतकी हुबेहूब, की लहान मूल सरळ तोंडात घालते. पाट मिळतात, चौरंग मिळतात, भातुकली मिळते. सावंतवाडीच्या गंजिफाही नावाजलेल्या आहेत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांच्या एका जोडात १२० पत्ते असतात. दहा अवतार आणि एकेका अवताराचे बारा पत्ते.

आता विचार करा. या पेठेला गिऱ्हाईक येते कुठून? एक गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतले. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे वाटसरू. पूर्वी मुंबईहून गोव्याला जाणारा मोठा रस्ता सावंतवाडीतूनच जायचा. गाडी थांबायची. माणसे चहा प्यायची, पाय मोकळे करायची, पोरांसाठी एखादे खेळणे घ्यायची. त्यांना हाका मारून बोलवावे लागत नसे.

मग कोकण रेल्वे आली. १९९८ साली तिची पूर्ण वाट खुली झाली. पण स्टेशन झाले मळगावला, गावापासून काही किलोमीटर दूर. पुढे मोठा रस्ताही बाहेरून गेला. झारापपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत रुंद रस्ता झाला. आता मुंबईची गाडी सावंतवाडीत न शिरताच गोव्यात जाते. रस्ता झाला हे वाईट झाले, असे नव्हे. भर पेठेतून जड गाड्या धावलेल्या कुणाला आवडतील? पण वाटसरू गेला, आणि त्याच्याबरोबर त्याचा पैसाही गेला.

हे एकट्या सावंतवाडीचे दुखणे नाही. रस्ता गावाबाहेरून गेला, की पेठेपुढे हा प्रश्न उभा राहतोच. त्यात मोबाईल आला. मोबाईलवर बोट ठेवले की साडी घरी येते, मिक्सर घरी येतो. मग पेठेत जायचे कशाला?

तुम्ही म्हणाल, "जिथे स्वस्त तिथे घेऊ. दुकानदार काय आपला सोयरा आहे?" प्रश्न रास्त आहे. गरिबाचा रुपया कष्टाचा असतो. तो कुणाला दयेपोटी देऊ नये. म्हणून आधी हिशेब पाहू.

समजा, चितार आळीत तुम्ही १०० रुपयांचे खेळणे घेतले. त्यातून लाकूडवाल्याला पैसे मिळतात. लाकूड कातणाऱ्या कातारीला मिळतात. रंगवणाऱ्या बाईला मिळतात. उरतील ते दुकानदाराला. रंगाचा डबा बाहेरगावचा असेल, तेवढे पैसे बाहेर जातात. बाकीचा पैसा इथेच फिरतो. रंगवणारी बाई त्यातून मासळी घेते. मासळीवाली पोराला वही घेते. वहीवाला तुमच्याकडचे नारळ घेतो. एकच नोट चार घरांची चूल पेटवते.

आता १०० रुपयांचा साबण घ्या. साबण कारखान्यातला. त्यातले बहुतेक पैसे बाहेर जाणारच, दुकान कोणतेही असो. पेठेतल्या दुकानदाराच्या हाती थोडेच उरतात. खोटे कशाला बोला? पण तोच साबण मोबाईलवरून मागवला, तर ते थोडेही गावात उरत नाहीत. पुडके आणून देणाऱ्या पोराची मजुरी तेवढी राहते.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. पेठ नुसती विकत नाही, विकत घेतेही. उन्हाळ्यात तुमची काजू बी कोण घेते? आमसुले कोण घेते? सुपारी, नारळ, कुळीथ कोण घेते? पेठेतला व्यापारी. शहरातले मोठे चकचकीत दुकान तुमच्याकडून दोन पायली कुळीथ घेणार नाही. हा व्यापारी भाव पाडून मागतो, अशी तुमची तक्रार असेल. म्हणून तर पेठेत एक नव्हे, चार व्यापारी हवेत. एकाने भाव पाडला तर पिशवी उचलून दुसऱ्याकडे जाता येते. चारांतले तीन बंद पडले, की उरलेला म्हणेल तोच भाव.

आता उधारी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. बँकांपुढे रांगा लागल्या. तेव्हा किती घरांत मीठ-मिरची आली ती दुकानदाराच्या वहीवर! मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. एस.टी. बंद, बाजार बंद. किराणा दुकानांना मात्र उघडे राहायची मुभा होती. ते कोपऱ्यावरचे दुकान तेव्हा कामी आले. "भात झोडपला की पैसे देतो," हे मोबाईलवरच्या दुकानाला सांगून चालत नाही.

पण दुकानदाराचा पैसा वहीत अडकला, तर तो नवा माल भरणार कशाने? गिऱ्हाईक नाही म्हणून दुकाने बसतात, तशी उधारी थकली म्हणूनही बसतात. काही माणसांची रीत अशी असते: उधार पेठेत आणि रोख बाहेर. गणपतीचा मोठा बाजार शहरात रोखीने करायचा, आणि वर्षभर गूळ-तेल इथून वहीवर न्यायचे. मग दुकान टिकेल कसे?

आणि वही तुम्हीही ठेवा. आता लिहिता येते ना?

"भाऊ, माझे किती झाले?"

"सहाशे चाळीस, वहिनी."

"माझ्या वहीत पाचशे नव्वद आहेत. हे पन्नास कशाचे?"

"थांबा, पाहतो. हां, शनिवारी तुमचा धाकटा गूळ घेऊन गेला."

"मग बरोबर आहे. लिहून घेते."

यात भांडण नाही, की अपमान नाही. दोन्ही वह्या जुळल्या, झाले.

माल घेतानाही डोळे उघडे हवेत. वजनकाट्याचा आकडा आपल्याला दिसला पाहिजे. माल ठेवण्याआधी तिथे शून्य आहे ना, पाहा. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिलाच एम.आर.पी. म्हणतात. तिच्याहून जास्त पैसे दुकानदाराला मागता येत नाहीत. कमी मात्र घेता येतात, म्हणून विचारायला लाजू नका. पाकिटावरचे वजनही वाचा. समजा, एक पाकीट ९० रुपयांचे आणि दुसरे ९५ रुपयांचे. पहिले स्वस्त वाटते. पण पहिल्यात ९०० ग्रॅम आणि दुसऱ्यात १ किलो माल असेल, तर पहिला माल किलोला १०० रुपये पडला! पावती मागून घ्या. फसवणूक झाली आणि दुकानदार ऐकेना, तर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठीची मदतसेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मापात पाप करणाऱ्याला आपल्या गावचा म्हणून पाठीशी घालू नये. त्याच्यापायी शेजारच्या सचोटीच्या दुकानदाराचेही नाव जाते.

दुकानदारांनाही दोन शब्द सांगायला हवेत. दुपारी फळ्या लावून झोपायची कोकणातली जुनी सवय आहे. खेड्यातून पायपीट करून आलेले गिऱ्हाईक नेमके त्याच वेळी उन्हात उभे असते. निदान बाजाराच्या दिवशी तरी दार उघडे असावे. मिक्सर विकला, तर तो बिघडल्यावर कंपनीकडे धाडायची जबाबदारीही घ्यावी. चार पैसे जास्त देऊनही माणूस पेठेत येतो तो यासाठीच. बिघडलेली वस्तू घेऊन ओळखीच्या माणसापुढे उभे राहता येते.

चितार आळीत तर वस्तू सांगून करून घेता येते. लग्नासाठी पाट हवे, चौरंग हवा, तर माप सांगा, रंग सांगा. मात्र महिनाभर आधी सांगा. लाकूड सुकलेले लागते, आणि रंगाचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. खेळण्यांसाठी पूर्वीपासून पांगाऱ्याचे लाकूड वापरतात, कारण ते हलके आणि मऊ असते. मिरीचा वेल चढवायला तुम्ही बांधावर पांगारा लावताच. पाटाचे सांगायला जाल, तेव्हा पांगारा कुणाला हवा आहे का, तेही विचारून या.