एका तलवारीमागे एक ट्रक डोंगर

गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रातल्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की त्याला बारीक काळे कण चिकटतात. खानदेशातल्या नदीकाठच्या पोरांचा हा जुना खेळ. ते कण म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. आपला काळा दगड झिजतो, त्यातून ते सुटतात आणि पुराबरोबर खाली येतात. मूठभर वाळूतून चिमूटभर निघतात, पोरं ते फुंकून टाकतात आणि घरी जातात.

जपानच्या पश्चिमेला, शिमाने प्रांताच्या डोंगरात, अशाच चिमटीवर हजार वर्षांची एक कला उभी राहिली. तिथला दगड ग्रॅनाइटचा. त्याच्या काळ्या वाळूत टायटॅनियम कमी असतं, आपल्या बेसॉल्टच्या वाळूत ते बरंच जास्त असतं. त्यामुळे तिथली वाळू मातीच्या भट्टीत लवकर वश होते. जपानी तलवारीचं पातं बनतं ते या वाळूपासून. खाणीतल्या दगडापासून नाही.

आता हिशेब मांडून पाहू. शिमानेतल्या ओकुइझुमोला १९७७ पासून जुन्या पद्धतीची एक भट्टी पुन्हा पेटते आहे. तिला तातारा म्हणतात. हिवाळ्यात ती लावतात. तीन दिवस, तीन रात्री, साधारण सत्तर तास ती अखंड जळते आणि दर अर्ध्या तासाला तिच्यात वाळू आणि कोळसा टाकावा लागतो. एका लावणीला सुमारे १० टन काळी वाळू आणि १२ टन कोळसा लागतो. शेवटी भट्टी फोडतात. आत अडीच टनांचा लालबुंद गोळा निघतो आणि त्यातलं तलवारीच्या लायकीचं पोलाद भरतं जेमतेम एक टन. तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता ज्वाळेचा रंग वाचणारा मुख्य कारागीर या टनासाठी जागतो. पुढच्या वेळी भट्टी पुन्हा मातीपासून नवी बांधायची.

लोहार एका लांब पात्यासाठी दहाएक किलो पोलाद घेतो असं धरू. ऐरणीवर त्यातलं बहुतेक जळून, ठिणग्या होऊन, पापुद्रे सुटून जातं. हाती उरतं किलोभराचं पातं. म्हणजे तीन दिवसांच्या आगीतून शंभर तलवारी. दर तलवारीमागे शंभर किलो वाळू आणि एकशेवीस किलो कोळसा, आणि यात लोहाराच्या स्वतःच्या शेगडीचा कोळसा धरलेलाच नाही.

पण शंभर किलो वाळू येते कुठून? कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये तिचं प्रमाण शंभरात एक, कधी त्याहूनही कमी. ती वेगळी करायला डोंगराच्या कुशीतून पाट काढायचे, कुदळींनी डोंगर पाटात ढासळवायचा, हलकी माती वाहून जाऊ द्यायची आणि तळाशी बसलेली जड काळी रेघ गोळा करायची. टक्क्याच्या हिशेबाने शंभर किलो वाळूला दहा टन डोंगर लागतो. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघालेला केळीचा भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. एका तलवारीमागे तेवढी माती. शतकानुशतकं हे चाललं आणि तिथले डोंगर अक्षरशः बसके झाले. कापून सपाट झालेल्या त्या जागांवर भाताच्या पायऱ्या झाल्या. शिमानेत आज पर्यटक ज्या शेतांचे फोटो काढतात त्यांतली कितीतरी शेतं तलवारींनी सोडलेल्या जागेवर आहेत.

एका तलवारीचा हिशेब असा. आता तलवारी किती, ते पाहू.

पंधराव्या-सोळाव्या शतकात जपान चीनच्या मिंग दरबाराशी परवान्याचा व्यापार करत होता. गलबतांत तांबं, गंधक, पंखे असायचे, आणि तलवारी. १४३२ च्या खेपेत सुमारे तीन हजार गेल्या, १४६८ मध्ये तीस हजार, १४८३ च्या एकाच खेपेत सदतीस हजारांहून जास्त. दीडशे वर्षांत सरकारी मार्गानेच दोन लाखांच्या घरात पाती समुद्रापार गेली. या घाऊक मालाची मोठी पेठ म्हणजे बिझेन प्रांतातलं ओसाफुने, आजच्या ओकायामाच्या पूर्वेला, योशिई नदीच्या काठी. यातला बराच माल गठ्ठ्यांनी बांधून विकायचा, साधा आणि स्वस्त होता हे खरं. तरी १४८३ च्या त्या खेपेला आपला ट्रकाचा हिशेब लावला, तर सदतीस हजार ट्रक डोंगर एका हंगामात समुद्रावर निघाला असं होतं.

आणि ज्या हातांनी गठ्ठ्यांचा माल काढला त्याच गावच्या हातांनी जगातली सर्वांत देखणी पातीही घडवली. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेल्या तलवारी सुमारे ११०. त्यांतल्या चाळीसहून अधिक एकट्या बिझेनच्या आहेत.

देखणेपण कशात, हे सांगायला पुन्हा आकडेच लागतात. लोहार तापलेली लगड ठोकून लांबवतो, मधोमध छिन्नीने खाच पाडतो, दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. एका घडीला दोन थर, दुसरीला चार, तिसरीला आठ. दहा घड्या झाल्या की १,०२४ आणि पंधरा झाल्या की ३२,७६८. पात्याची जाडी सात मिलिमीटर धरली, तर पंधरा घड्यांनंतर एकेक थर मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा होतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीनशेहून जास्त थर मावतील. वीस घड्या घातल्या तर थर दहा लाखांच्या पुढे जातात, पण लोहार तिथवर जात नाही. प्रत्येक तापवणीत कर्ब जळतो आणि पोलाद मऊ पडत जातं. कुठे थांबायचं हे त्याला ठिणगीवरून आणि घणाच्या आवाजावरून कळतं. घड्यांच्या या रेषा पुढे पात्यावर लाकडाच्या शिरांसारख्या दिसतात. धारेकडचा भाग उघडा ठेवून पाठीवर मातीचा जाड लेप द्यायचा, तापवून पाण्यात बुडवायचं, की धार कडक होते, पाठ चिवट राहते आणि दोघींच्या मध्ये धुक्यासारखी पांढरी रेघ उमटते. जपानी तलवार हातात घेणारा जाणकार ही रेघ निरखून बघतो. पाण्यात बुडल्यावरचे काही क्षण फार निष्ठुर असतात. महिन्यांचं काम तिथे तडकून मोडीत जाऊ शकतं.

एवढ्या कष्टाने जमवलेलं हे पोलाद त्या देशाने तीनदा स्वतःच्या हातातून काढून घेतलेलं पाहिलं. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडची शस्त्रं जप्त केली. क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला खिळे-पट्ट्या लागणार आहेत, असं कारण दिलं. कागा प्रांतातल्या एकाच लहानशा भागातून १,०७३ लांब आणि १,५४० आखूड तलवारी निघाल्याची नोंद आहे. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली आणि पिढीजात लोहार भाजीच्या सुऱ्या करू लागले. तिसरी वेळ १९४५ ची, आणि तिथे मराठी माणसं हजर आहेत.

१९४६ मध्ये राष्ट्रकुलाच्या सैन्याने पश्चिम जपानचा ताबा सांभाळायला घेतला. त्यातल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचं मुख्यालय होतं ओकायामाला. तिच्यातल्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडचं नेतृत्व थिमय्यांकडे होतं, जे पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण होती. आदल्या वर्षी ९ एप्रिलला इटलीत सेनिओ नदीवर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. ब्रिगेड होती शिमानेतल्या मात्सुएला. नकाशावर या दोन जागांवर बोट ठेवून बघा. शिमाने हा वाळूचा आणि भट्टीचा मुलूख, ओकायामा हा ओसाफुनेच्या ऐरणींचा. जळगावाहून भुसावळ जेवढं, जवळपास तेवढ्याच अंतरावर ओकायामाहून ओसाफुने. जिथे हजार वर्षं पोलाद पिकलं नेमक्या त्या मातीवर सातारा-कोल्हापूर-नगरकडची पोरं पहारा देत होती, आणि त्यांच्या सैन्याच्या कामांत एक होतं शस्त्रं गोळा करून नष्ट करणं. या योगायोगावर मराठीत कादंबरी झाली असती तर मी ती रात्रभर जागून वाचली असती.

त्या काळात किती पाती वितळली, किती समुद्रात गेली, किती सैनिकांच्या ट्रंकांतून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेली, याचे अंदाज लाखांत आहेत. त्यांत कारखान्यात ठोकलेल्या लष्करी तलवारी पुष्कळ, पण सातशे वर्षांची पातीही होती. तोकुगावा घराण्याची होंजो मासामुने ही तलवार डिसेंबर १९४५ मध्ये तोक्योतल्या मेजिरो पोलिस ठाण्यात जमा झाली, पुढच्या महिन्यात तिथून बाहेर पडली आणि त्यानंतर ती कुणाला दिसलेली नाही.

बाकीच्या वाचल्या त्या मोजदादीमुळे. होंमा जुंजी आणि सातो कानइची या दोन अभ्यासकांनी अमेरिकी आठव्या सैन्याच्या कर्नल कॅडवेल यांना पटवून दिलं की हे हत्यारांचे ढीग सरसकट एका मापाने मोजू नयेत. पात्यांची छाननी सुरू झाली. तोक्योतल्या अकाबाने डेपोतून साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी बाजूला काढल्या गेल्या. मूळ मालक सापडले नाहीत अशा सुमारे ३,२०० तलवारी १९९९ मध्ये देशभरच्या संग्रहालयांना वाटल्या. १९४८ मध्ये तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. आज जपानात प्रत्येक अस्सल तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, त्यावर लांबी, वाक आणि मुठीत जाणाऱ्या भागावरची लोहाराची सही उतरवलेली असते. असे कागद वीस लाखांहून जास्त आहेत. नवी तलवार घडवायलाही परवाना लागतो. त्यासाठी आधी किमान पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी, आणि नंतरही वर्षाला लांब पाती चोवीसच. दोनशे लोहारांनी मर्यादा गाठेपर्यंत काम केलं तरी वर्षाला ४,८०० होतात. म्हणजे १४८३ ची एक खेप भरायला आजच्या लोहारांना जवळपास आठ वर्षं लागतील.

किमतीचंही बोलायला हवं, कारण जळगावच्या सराफ बाजाराला वजनावर भाव लावायची सवय आहे. २०२० मध्ये सेतोउची शहराने, ओसाफुने आता याच शहरात येतं, यामातोरिगे नावाची तेराव्या शतकातली बिझेनची तलवार पन्नास कोटी येनला घेतली. पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला. तेव्हाच्या दराने ते तीस कोटी रुपयांहून जास्त होतात. पातं किलोभराचं धरलं तर ग्रॅमला तीन लाखांवर. त्या वर्षी सोनं ग्रॅमला पाच हजारांच्या आसपास होतं. नदीतल्या काळ्या वाळूचा भाव सोन्याच्या साठपट झाला, आणि तो देणारं एक छोटं शहर होतं, त्याच्याच गावाने सातशे वर्षांपूर्वी ती वस्तू घडवली होती. आपल्या सरकारनेही २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची फिरंग सत्तेचाळीस लाखांना सोडवून आणली. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

पण मोजदादीचं काय? खानदेशात हा प्रश्न परका वाटू नये. इतिहासकार राजवाडे दप्तरांमागे गावोगाव फिरले, १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने त्यांचे कागद सांभाळले. शंकरराव देवांनी धुळ्यातच समर्थांची बाडं जमवून वाग्देवता मंदिर उभं केलं. कागदाचं मोल या मातीला कळलेलं आहे. पोलादाची यादी मात्र नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूला पुरावस्तू मानतो, ती देशाबाहेर न्यायला मनाई करतो, पण सक्तीची नोंदणी शिल्पांची, चित्रांची, सचित्र पोथ्यांची. तलवारीची नाही. शस्त्र कायद्याला पातं नऊ इंचांहून लांब आहे का, दोन इंचांहून रुंद आहे का, एवढंच विचारायचं असतं. ते कुठल्या शतकातलं आहे, हे तो विचारत नाही.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून दोन हजारांहून जास्त गावं आहेत. पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यात, एखाद्या देवळात, खंडेनवमीला बाहेर निघणारी दोन-दोनच पाती प्रत्येक गावात धरली, तरी चार हजारांच्या पुढे जातात. अकाबानेतून संग्रहालयांत गेलेल्या तलवारींपेक्षा हे जास्त आहे. आणि सणाच्या आदल्या दिवशी विटेच्या पुडीने घासून आपण त्यांना चकचकीत करतो. जपानी संग्राहक मुठीत जाणाऱ्या भागावरचा गंज कधीच काढत नाही. त्या गंजाच्या रंगावरून वय ठरतं आणि सही वाचली जाते. उरलेल्या पात्याला तो लवंगेच्या तेलाचा पातळ हात देतो, आणि उघड्या पोलादाला बोट लावत नाही, कारण घामाचा ठसा दिवसांत गंजतो. पॉलिश करायची वेळ आलीच तर दगडांवर दिवसेंदिवस काम करणाऱ्या माणसाकडे देतो, तेही पिढ्यांतून एखाद्या वेळी. प्रत्येक घासणीत थोडं पोलाद कायमचं जातं हे त्याला ठाऊक असतं.

तेव्हा या खंडेनवमीला पुडी बाजूला ठेवावी. मऊ सुती कापडाने धूळ पुसावी, टेप घ्यावी, मुठीपासून टोकापर्यंतची सरळ लांबी मिलिमीटरमध्ये घ्यावी, वजन करावं, मुठीवर किंवा पाठीवर अक्षरं, चिन्हं, सोन्याचं काम काही असेल तर उजेडात फोटो घ्यावा, घराण्यात ती कुणाकडून आली ते सांगणाऱ्या आजीचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि वहीच्या पानावर वर आकडा घालावा, १.