धावपट्टी संपल्यानंतरची जमीन

न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ जमैका उपसागराच्या दलदलीकाठी भराव घालून तयार केलेल्या भूमीवर वसलेला असल्यामुळे, त्याच्या धावपट्ट्या जेथे संपतात तेथून पाणी फारसे दूर नसते. ईशान्याभिमुख असलेली, ‘चार-उजवी’ या संज्ञेने वैमानिकांना परिचित असलेली तेथील एक धावपट्टी 8,400 फूट लांब आहे, आणि तिच्या टोकापलीकडे काही शे फुटांवर थर्स्टन बेसिन नावाची भरती-ओहोटीची खाडी आहे. एकवीस वर्षांच्या अवधीत हे एकच टोक चार विमानांनी ओलांडले. त्यांतील पहिल्याची गत आणि शेवटच्याची गत यांमध्ये जो फरक पडला तो कसा पडला, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते.

28 फेब्रुवारी 1984 रोजी स्टॉकहोमहून ऑस्लोमार्गे आलेले स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे डीसी-10 विमान, इंजिनांचा जोर आपोआप राखणाऱ्या यंत्रणेवर चालकवर्ग अवाजवी विसंबून राहिल्यामुळे, नियत वेगापेक्षा 36 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 67 किलोमीटर अधिक वेगाने आले, आणि धावपट्टीचे 4,700 फूट मागे पडल्यावर त्याची चाके ओल्या फरसबंदीला टेकली. विमान खाडीत शिरले. आतील 177 माणसे जिवंत बाहेर आली, हे त्यांचे सुदैव. चौकशी मंडळाने वैमानिकांवर ठपका ठेवला व तो रास्तच होता. परंतु चूक मनुष्याच्या हातून पुन्हा होणारच, असे गृहीत धरून जमिनीवर काही तजवीज करता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर नेटाने हाती घेतला गेला, आणि माझ्या मते या प्रकरणाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

नियमाप्रमाणे अमेरिकेत मोठ्या धावपट्टीच्या टोकापुढे 1,000 फूट निर्वेध जागा असावी लागते; पण एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस रस्ते किंवा वस्ती असलेल्या विमानतळाने ती आणावी कोठून? विमानवाहतुकीचा अखत्यार असलेले सरकारी खाते, न्यूयॉर्कचे बंदर प्राधिकरण आणि एक खाजगी कारखाना यांनी मिळून त्यावर जो तोडगा शोधला, तो फेसाळ, हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा. वाटेल त्या वाळूने किंवा खडीने हे काम भागत नाही, कारण पावसाने व गोठणाऱ्या थंडीने तिचा गुणच पालटतो. या ठोकळ्यांवरून माणूस निर्धास्त चालू शकतो. मात्र विमानाचे चाक वर आले की ते चुरडतात, चाक रुतत जाते, आणि विमानाचा वेग त्या चुऱ्यातच जिरतो. खरेखुरे बोइंग 727 विमान मुद्दाम अशा थरात घालून पाहण्यात आले, आणि 1996 मध्ये ‘चार-उजवी’च्या टोकाला पहिला थर बसला. ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने बाहेर पडणारे विमान थोपवावे, असे त्याचे मान आहे.

मे 1999 मध्ये तीस माणसांचे एक साब विमान त्यात रुतले; मे 2003 मध्ये एक मालवाहू एमडी-11. आणि जानेवारी 2005 मध्ये, भर हिवाळ्यात, बोइंग 747 जातीचे प्रचंड मालवाहू विमान त्याच टोकावरून पलीकडे गेले.

लादलेले असे विमान उतरतानाही अडीचशे टनांहून जड असू शकते, आणि वेग दुप्पट झाला की थोपवावयाची ऊर्जा चौपट होते. पंखांवरील झडपा उभारून भार चाकांवर आणावयाचा, इंजिनांचा झोत उलटवावयाचा व ब्रेक दाबावयाचे, हे तीन उपाय वैमानिकापाशी असतात. पैकी ब्रेकचे सामर्थ्य सर्वस्वी फरसबंदीच्या पकडीवर अवलंबून असते. आपल्याकडील वाचकास नवल वाटेल, पण कडाक्याच्या थंडीतले हिम त्यातल्या त्यात बरे. 4 नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत कोरड्या धावपट्टीस 6 हा अंक मिळतो. उणे 15 अंश किंवा त्याहून थंड हवेतील दडपलेल्या हिमास 4, त्याहून उबदार हवेतील तशाच हिमास 3, अर्धवट वितळलेल्या चिखलासारख्या हिमास 2, निव्वळ बर्फास 1, आणि पाणी सुटलेल्या बर्फास 0. गोठणबिंदूच्या आसपासची ही ओल सर्वांत दगलबाज. आणि मालवाहतूक तर पुष्कळदा रात्रीच्या प्रहरी चालते, जेव्हा पृष्ठभाग नजरेने पारखणे दुरापास्त असते.

2005 च्या त्या विमानात तिघेजण होते. विमान थरात रुतून थांबले, खाडी पुढे तशीच राहिली, आणि तिघांपैकी कोणासही इजा झाली नाही. अशा प्रसंगानंतर विमान मागे ओढून काढतात, चुरडलेले ठोकळे उचलून टाकतात, आणि त्या जागी नवे बसवतात.