ढगांवरून पाऊस कसा मोजतात?

पावसाळ्यात आपल्याकडे एक धुरा ओला आणि पलीकडचा कोरडा, असे किती वेळा होते! जुनी माणसे म्हणतात, बैलाचे एक शिंग भिजते अन् दुसरे नाही. मग दूरच्या गावातला पर्जन्यमापक आपल्या शिवाराचे काय सांगणार? तो सांगतो स्वतःच्या जागेपुरते.

डोंगरात तर तोही विरळाच. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदी-नाल्यांना पूर आला, शेते खरडून गेली. वर डोंगरात पडणारा पाऊस लवकर कळला, तर खालची माणसे-गुरे हलवता येतात. त्यासाठी वरून पाहणारा डोळा हवा.

तो डोळा म्हणजे उपग्रह. आपला इनसॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून सारखा आपल्याकडेच पाहत असतो. तिथून थेंब दिसत नाहीत, बरे का! त्याला कळते ते ढगाच्या माथ्याचे तापमान. ढग जितका उंच, तितका माथा गार; आणि असा ढग बहुधा जोराने बरसतो. पण पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढगही उंच नि गार असतात, अन् त्यांतून टिपूस पडत नाही. इथे उपग्रह फसतो.

म्हणून दुसऱ्या जातीचे उपग्रह सूक्ष्मलहरींनी ढगाच्या आतले थेंब आणि बर्फकण ओळखतात. अमेरिका-जपानचा जीपीएम २०१४ पासून हे करतो; त्यावर रडारही आहे. मात्र तो सुमारे ४०० किलोमीटरवरून झपाट्याने निघून जातो. तेव्हा एकाने सतत पाहायचे, दुसऱ्याने खोल पाहायचे, आणि दोघांचे जुळवून घ्यायचे.

याचा अंदाजाला उपयोग काय? संगणक उद्याच्या हवेचे गणित आजच्या हवेवरून करतो. पहिली ओळ चुकली की उत्तर चुकलेच! आपल्याकडे जोराचा पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे पुष्कळदा बंगालच्या उपसागरातून येतात. समुद्रात पर्जन्यमापक कोण मांडणार? तिथली पहिली ओळ उपग्रहच लिहितो.

तरी त्याचा आकडा अंदाजेच. हवामान खाते तो जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून दुरुस्त करते. म्हणून पर्जन्यमापकाचा आकडा मनाने लिहायचा नसतो. वाचन रोज सकाळी साडेआठला घेतात, आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेपुढे लिहितात.