ज्वारी दोन पावसाळे ओलांडते ती कशी

नगर जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण अंगाला, म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या पट्ट्यात, भाकरीची ज्वारी वर्षातून एकदाच घरात येते. उत्तरा-हस्तात पेरायची, थंडी आणि जमिनीतल्या ओलीवर वाढवायची, माघ-फाल्गुनात काढायची. आता समजा या वर्षी परतीच्या पावसाने पाठ फिरवली आणि पेर साधली नाही. मग पुढची ज्वारी यायला आणखी एक वर्ष. म्हणजे गेल्या फाल्गुनात घरात आलेलं धान्य दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे निभावलं पाहिजे. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण हा हिशेब बदललेला नाही. या भागातली बेगमीची सगळी रीत त्या दुसऱ्या पावसाळ्यावर नजर ठेवून बसलेली आहे.

1972 चा दुष्काळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो, तो याच कारणाने. त्याआधीच्या दोन वर्षांतही पावसाने हात आखडता घेतला होता, त्यामुळे तिसऱ्या वर्षी घरातल्या कणग्यांचा तळ दिसला. बाजारातही धान्य नव्हतं. खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेलेल्या लोकांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. 2012-13 च्या दुष्काळात मात्र रेशनचं धान्य मिळत होतं. तुटवडा पाण्याचा आणि चाऱ्याचा होता, जनावरं छावणीत होती. म्हणून आता घरात धान्य साठवू नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, तिखट-मीठ आणि रोजच्या भाकरीची ज्वारी ज्याची त्यालाच बघावी लागते. शिवाय सुगीत, भाव उतरलेले असताना आपल्यापुरतं भरून ठेवणं वेगळं आणि टंचाईची बातमी आल्यावर दुकानावर तुटून पडणं वेगळं. पहिल्याने शेजाऱ्याच्या ताटातलं काही कमी होत नाही.

किती भरायचं, हे आधी ठरवावं. भाकरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरलं तर वर्षाला दीड क्विंटल होतं. लहान-मोठी धरून पाच माणसांच्या घराला सहा क्विंटल पुरतं. त्यात ज्वारी, बाजरी, गहू आपापल्या सवयीने वाटून घ्यावेत. डाळ माणशी पन्नास ग्रॅम धरली तर वर्षाला अठरा किलो. दुसऱ्या वर्षासाठी एवढंच पुन्हा भरायची गरज नाही. पहिल्या वर्षाच्या निम्मं जादा असलं तरी पेर चुकल्यावर हातात सहा महिने उरतात, आणि तेवढ्या काळात काहीतरी व्यवस्था लावता येते.

धान्य टिकण्याचं मर्म दोन गोष्टींत आहे: दाण्यातला ओलावा आणि दाण्याभोवतीची हवा. ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या आत असला तर बुरशी धरत नाही आणि किडीलाही वाढायला जड जातं. खळ्यावरून आलेली ज्वारी वरून कोरडी दिसते, आत तशी असतेच असं नाही. घरातल्या बायका एक दाणा दाढेखाली धरतात. तो कडकन फुटला तर वाळला. दबला, चपटा झाला तर आणखी ऊन हवं. याहून खात्री हवी असेल तर मिठाची परीक्षा घ्यावी. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करावं. कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे ते मीठ घालावं, झाकण लावून मिनिटभर हलवावं आणि पंधरा मिनिटं बरणी तशीच ठेवावी. काचेला मीठ चिकटून राहिलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं राहिलं तर मोठा धोका टळला, एवढंच म्हणता येईल. दोन उन्हं आणखी दिलेली बरी. चैत्र-वैशाखात नगरची हवा इतकी कोरडी असते की ताडपत्रीवर बोटभर जाडीने पसरून दिवसातून चारदा पाय फिरवला तरी काम होतं.

या उन्हाचं दुसरंही काम आहे. सोंडे बाहेरून कोठीत शिरतात, अशी समजूत असते. पुष्कळदा ते दाण्याच्या आतूनच येतात. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. अळी आतच खाते, आतच कोष करते आणि उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात किडा दाणा फोडून बाहेर पडतो. म्हणजे भरताना स्वच्छ दिसणाऱ्या धान्यात पुढच्या पिढीची सोय झालेली असू शकते. दाणा 50 अंशांच्या वर काही वेळ तापला तर ही आतली पिढी मरते. काळ्या कागदावर धान्य पातळ पसरून वर पारदर्शक प्लास्टिक झाकलं, कडा दाबल्या, तर वैशाखातल्या दुपारी एवढं तापमान सहज मिळतं. बियाण्याला मात्र हा उपाय करू नये, उगवण बिघडते. आणि तापलेलं धान्य लगेच कोठीत भरू नये. रात्रभर घरात पसरून निवू द्यावं. गरम भरलं तर आतली वाफ पत्र्याला लागून पाणी होते, आणि वरचा थर बुरसतो.

हवेचं मर्म आपल्या लोकांनी पेवात साधलं होतं. गावठाणाच्या पांढरीत, जिथे पाणी मुरून साचत नाही अशी जागा बघून, पेव खणत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र घागरीसारखं ऐसपैस. काळ्या जमिनीत पेव चालत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. खणून झालं की आत जाळ करून भिंती सुकवायच्या, तळाला आणि कडेला कडबा-भुसकट लावायचं, धान्य भरायचं, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, किडेही घेतात. बंद पेवातला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरतात. औषधाचा एक कण न वापरता धान्य वर्षानुवर्षं राहतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं याच तत्त्वावर चालत आली.

हाच वायू माणसाचा जीव घेतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरून माणसं दगावल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. तोंड उघडून बराच वेळ ठेवायचं, कंदील दोरीने आत सोडायचा आणि तो विझला तर कोणीही उतरायचं नाही, हा जुना नेम होता. कंदील जळत राहिला तरी कमरेला दोर बांधून, वर दोन माणसं उभी करूनच उतरत. जुन्या वाड्याच्या जागेत खोदकाम करताना बुजलेलं पेव लागलं तर हे आजही लक्षात ठेवावं.

पेवातल्या धान्याला एक कुबट वास लागायचा आणि ते पेरायला कामाचं राहायचं नाही. म्हणून रोजच्या खाण्याचं धान्य वर, निरगुडीच्या फोकांच्या किंवा तुराट्यांच्या कणगीत असे, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेल्या. मोठ्या घरात भिंतीतच बळद असे. वरून माळ्यातून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. त्यामुळे आधी भरलेलं आधी बाहेर येई, कोणी लक्ष ठेवो न ठेवो. आताच्या पत्र्याच्या कोठीत आपण वरूनच भरतो आणि वरूनच काढतो. तळाला तीन वर्षांपूर्वीचं धान्य बसून राहतं. त्यावर उपाय सोपा आहे. एक मोठी कोठी घेण्यापेक्षा तीन-चार लहान घ्याव्यात. एक चालू, बाकीच्या तोंडोतोंड भरून, झाकणाची फट शेणमातीने किंवा चिकटपट्टीने बंद. तोंडोतोंड भरण्याला महत्त्व आहे, कारण रिकामी जागा म्हणजे किड्यांना दिलेली हवा. जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्याही आता मिळतात. त्या पोत्याच्या आत घालून, हवा दाबून काढून, तोंड पिळून बांधलं की घरातल्या घरात लहानसं पेव तयार होतं. फक्त उंदरापासून जपावं लागतं. कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी, भिंतीपासून वीतभर लांब. आणि बंद कोठी पावसाळी दिवशी उघडू नये. उघडायचीच तर भाद्रपदातलं कडक ऊन पडल्यावर.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवूनच. हिरवा पाला घालणं म्हणजे आपल्या हाताने ओल घालणं.

गोळ्यांबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायचं आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामासाठी आहेत. हवेतल्या दमटपणाने त्यांच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि ज्या खोलीत धान्य तिथेच मुलं झोपलेली असतील तर सकाळ बघायला मिळत नाही. राहत्या घरात ती गोळी नको म्हणजे नकोच. गहू-तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची चाल शहरांत बरीच आहे. धुतल्याने ती बहुतेक जाते, पण गहू आपण धुऊन दळतोच असं नाही. अन्नात घालायला तिला परवानगी नाही. नीट वाळवून हवा तोडली तर दोन्हींची गरज पडत नाही.

कडधान्याचा शत्रू निराळा. त्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि आख्ख्या दाण्यावर त्याचा डोळा असतो. म्हणून तूर-हरभऱ्याची डाळ करून ठेवली की अर्धी लढाई जिंकली. आख्खे मूग, मटकी, हुलगे ठेवायचे तर किलोला चमचाभर एरंडेल हाताला लावून चोळावं; तेलाच्या थराने अंडी गुदमरतात. दुसरी रीत राखेची. गोवरीची राख चाळून, पूर्ण गार करून कडधान्यात मिसळतात. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हिंडता येत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर घासला जाऊन तो कोरडा पडून मरतो. शेंगोळ्यांचे आणि माडग्याचे हुलगे असे राखेत वर्षभर राहतात. बाजरीचा दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. त्यातला स्निग्धांश दळल्याबरोबर खवट व्हायला लागतो आणि आठ-दहा दिवसांत भाकरी कडू लागते. साठा नेहमी दाण्याचा ठेवावा.

धान्य-डाळ झाली, पण दुष्काळात आधी जाते ती भाजी. वाळवणाचं खरं काम तिथे आहे. हरभऱ्याचा कोवळा पाला पौष-माघात खुडून सावलीत वाळवला की मुठीत चुरून डब्यात भरायचा. उन्हाळ्यात त्याला लसणाची फोडणी आणि थोडं बेसन पुरतं. मेथीचंही तसंच. गवार, भेंडी, वांग्याच्या फोडी उन्हात. मूग-मटकीच्या डाळीचे सांडगे म्हणजे भाजी आणि डाळ एकाच घासात. चिंच चिंचोके काढून मिठात कालवायची, गोळे करून मडक्यात दाबायची. मिरची देठासकट ठेवायची; देठ मोडला की तिथून दमटपणा शिरतो.

कुरडईकडे सणाचा पदार्थ म्हणून बघितलं जातं, पण तिची घडण बघण्यासारखी आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा. चोथ्याच्या भुसवड्या होतात. चीक रात्रभर ठेवला की वर पिवळसर आंबूस पाणी येतं, खाली पांढरं घट्ट सत्त्व बसतं. पाणी ओतून टाकायचं. जितका चीक तितकं पाणी, हिंग-मीठ घालून उकळायचं, चीक ओतून गाठी न होऊ देता हाटायचं आणि सोऱ्यातून पाडायचं. या खटाटोपात गव्हातला कोंडा आणि अंकुर, म्हणजे खवट होणारा आणि किडीला आवडणारा भाग, बाजूला निघाला. उरलं ते सत्त्व आणि मीठ, वाऱ्याला सगळीकडून मोकळं. दोन कडक उन्हांत ती काचेसारखी वाजते आणि दुसऱ्या वर्षीही तळता येते.

कांदा या जिल्ह्याचं मोठं पीक, पण साठवायचा तो उन्हाळी गावरान. खरिपाचा लाल कांदा महिन्याभरात कोंब धरतो. काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात, एकाचा कांदा दुसऱ्याच्या पातीखाली झाकला जाईल असा पसरायचा. मान सुकली की बोट-दीड बोट नाळ ठेवून पात कापायची, मग दहा-बारा दिवस सावलीत. मान बंद झालेला कांदा चाळीत किंवा घराच्या वारा खेळणाऱ्या फळीवर चार-पाच महिने राहतो. बटाटा त्याच्याजवळ ठेवू नये.

लोणच्यात मीठ पाणी ओढून घेतं आणि वरचं तेल हवा तोडतं. तेलाखाली फोड बुडालेली असेपर्यंत भीती नाही. मात्र अलीकडे भाज्या पाण्यात उकळून बाटलीत हवाबंद करण्याची परदेशी रीत बघून काही जण करतात. ती सांभाळून. आंबट नसलेल्या ओल्या भाजीत बोट्युलिझमच्या जिवाणूची बीजं साध्या उकळीने मरत नाहीत, त्याला दाबाखाली 121 अंश लागतात. आणि बंद बाटलीतली हवा नसलेली जागा त्यांना मानवते. आपल्या वाळवण, मीठ आणि आंबटाच्या रीतीत हा धोका उद्भवत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, हिशेब उलटा आहे. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस थांबत नाही, आषाढ-श्रावणात वाटा तुटतात आणि नवं भात यायला अजून वेळ असतो. तिथली बेगमी चार महिन्यांची, पण हवा दमट असल्याने राखण अधिक. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं जमवली आणि त्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला. त्यांच्या कामातून घरच्या साठ्यासाठी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: खाण्याचं आणि पेरण्याचं धान्य एका भांड्यात ठेवायचं नाही. उत्तम कणसं उभ्या पिकातच हेरायची, ती वेगळी झोडायची, मंद उन्हात वाळवायची, राख मिसळून मडक्यात भरायची आणि तोंड शेणमातीने लिंपायचं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. सत्तरच्या खाली आले तर हेक्टरी बियाणं वाढवायचं किंवा शेजाऱ्याकडून बदलून घ्यायचं, आणि नव्या पिकातून ते मडकं पुन्हा भरायचं.